चार हजारावरची रेघ

एकोणीसशे सत्त्याण्णव साल. मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि साखर कारखान्यात मिस्त्री होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही गुरं वळून उरलेल्या वेळात. पण कारखान्यात मला तोंडावर अडाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण माझ्याकडं सळई होती.

सळई म्हणजे हातभर लांबीचा पोलादी गज. एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला बाभळीची मूठ, कानाच्या भोकावर नीट बसेल अशी घासलेली. चालू यंत्राच्या बेरिंगवर निमुळतं टोक ठेवायचं, मूठ कानाला दाबायची आणि डोळे मिटायचे. बेरिंगच्या आत लोखंडी रोलर फिरतात, त्यांचा आवाज गजातून वर येतो. बेरिंग निरोगी असेल तर ते एकसारखं घरघरतं. ग्रीस कमी पडलं की कोरडं खरखरतं. शाफ्ट वाकडा असला तर मधूनच हुंकार देतं. हे मला कुणी शिकवलं नाही. मी ऐकत गेलो आणि मला कळत गेलं.

माझ्या कानाचा मला फार तोरा होता. त्याच वर्षी श्रावणात नातीसाठी श्रीरामपूरच्या सोनाराकडून घुंगराच्या तोरड्या घेतल्या. दुकानातच हलवून बघितल्या तर मुक्या. मी म्हणालो, "घुंगरात खडे घालायचं इसरलास का वाचवलेस?" सोनारानं तोरड्या माझ्या कानाशी हलवल्या, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बायकोकडं बघितलं. मी त्याला भर दुकानात चोर म्हणालो. बायको म्हणाली, "चला आता, यष्टी जाईल." तोरड्या तिनंच उचलून पिशवीत टाकल्या. नात त्या घालून घरभर पळायची आणि मी दर वेळी सोनाराच्या नावानं बोटं मोडायचो.

आता पंख्याचं सांगतो. बॉयलरच्या मागं एक मोठा पंखा असतो, त्याला आम्ही आयडी फॅन म्हणायचो. भट्टीतला धूर ओढून चिमणीत घालायचा, हे त्याचं काम. तो चालता चालता अडकला तर धुराला वाट राहत नाही आणि आग पुढच्या दारातून बाहेर झेपावते. त्या दारापाशी फायरमन उसाचा भुसा लोटत उभा असतो.

तसं एकदा झालेलं होतं. बेरिंग जाम झालं, शाफ्ट तुटला आणि दारातला माणूस पेटला. नगरच्या दवाखान्यात नेला तो परत आला झाकूनच. कारखान्यानं त्याच्या जागी त्याच्या धाकट्या भावाला घेतलं आणि त्याच दारापाशी उभं केलं. पुढच्या खंडेनवमीला आम्ही सगळ्यांनी यंत्रं धुतली, बेरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी ठोकळ्यांना लाल रंग दिला, झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी ह्या भावानं पंख्याच्या ठोकळ्यावर तारेनं घोड्याची नाल बांधली. त्यांच्या बापाच्या टांग्याच्या घोड्याची होती ती. आणि त्याच हंगामात तेव्हाच्या साहेबांनी मला काम लावून दिलं, की पाळी सुरू होताना पंखा ऐकायचा आणि फायरमनला सांगायचं.

मी सळई लावायचो. फायरमन, म्हणजे हाच भाऊ, दारापासून लांब, खांबाला टेकून उभा असायचा. मी "चांगलं हाय" म्हणालो की तो फावडं उचलायचा. माझ्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय त्यानं कधी फावड्याला हात लावला नाही. साहेब बदलले, चेअरमन बदलले, हे बदललं नाही.

सत्त्याण्णवला दसरा झाला, गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवून पंख्याची चाचणी घ्यायची होती. चीफ साहेब नवे होते. ते म्हणाले, नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर कंप्युटर घेऊन येणार आहेत. पंख्याचा थरथराट मोजणार आणि ग्राफ काढणार.

सर जीपमधून आले. पोरगेलेसे होते, चष्मा, अंगानं काडी. कंप्युटर मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून आणलेला, आजारी माणसाला आणावा तसा. बॉयलरच्या शेडखाली टेबल मांडलं आणि वरून राख पडू नये म्हणून छत्री बांधली. सुपारीएवढं एक यंत्र होतं, त्याच्या बुडाला लोहचुंबक. ते सरांनी बेरिंगच्या ठोकळ्याला चिकटवलं आणि वायर कंप्युटरला जोडली.

चहा घेताना चीफ साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, आडपडदा नको. हे खरं निघालं तर चेअरमनसाहेब असलंच मशीन विकत घेणार. मग ऐकायचा राउंड बंद. तुम्हाला केनयार्डच्या गेटवर बसावं लागेल."

केनयार्ड म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मैदान. तिथल्या गेटवर काम काय, तर बांबू वर करायचा आणि खाली करायचा.

"आनि खोटं निघालं तर?" मी विचारलं.

"तर सर जीपमध्ये बसतील आणि तुम्ही आहात तिथं आहात."

"मंग जीपमध्ये डिझेल हाय का तेवढं बघून ठेवा," मी म्हणालो.

पंखा सुरू केला. सरांनी किल्ल्या दाबल्या आणि पडद्यावर ग्राफ आला. आडव्या रेघेवर सेकंदाला किती हेलकावे ते, आणि ज्या हेलकाव्याचा जोर जास्त त्याची उभी रेघ उंच, असं त्यांनी मला समजावलं. मला ते लगेच समजलं. पण ग्राफात डावीकडच्या कडेला एकच भिंतीसारखी रेघ उभी होती आणि बाकी सगळं सपाट.

चीफ साहेब म्हणाले, "हे काय?"

सर म्हणाले, "सरासरी वजा करायची राहिली. स्थिर आकड्याचीच रेघ एवढी मोठी आलीय की बाकीच्या दिसेनात."

मी म्हणालो, "आमच्या सळईला वजाबाकी यावी लागत न्हाई."

फायरमन खांबाजवळ उभा होता, तो खुदकन हसला. सरांनी वजाबाकी केली. आता रेघा आल्या खऱ्या, पण उजवीकडं त्याच रेघा उलट्या क्रमानं परत. ओढ्याच्या पाण्यात काठावरची झाडं दिसतात तशा.

"उजवा अर्धा बघायचा नाही काका," सर म्हणाले. "गणितातून ते प्रतिबिंब येतंच. मी आता काढून टाकतो."

"म्हंजे निम्मा खोटा अन निम्मा खरा? आनि कोनता निम्मा खोटा ते तुमीच ठरिवनार?"

"तात्या, आपल्या सोसायटीची वार्षिक सभा बी अशीच आस्ती," फायरमन म्हणाला. चीफ साहेबांनासुद्धा हसू आलं.

मग आणखी एक निघालं. पंखा सेकंदाला सोळा फेरे घेतो, तसं मोटारीच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. ग्राफात सगळ्यात उंच रेघ होती एकशे साठवर. सर चष्मा पुसत बसले. कंप्युटर सेकंदाला किती वेळा मोजतो तो आकडा त्यांनी लिहिताना एक शून्य जास्त टाकलं होतं. शून्य काढल्यावर रेघ सोळावर येऊन उभी राहिली. पन्नासावर दुसरी होती, ती म्हणे विजेची. वायर मोटारीच्या केबलला चिकटून गेली होती. मी स्वतः ती सोडवून लांबून फिरवली आणि पन्नासावरची रेघ बसली.

माझं मन तेव्हा हलकं झालं होतं. एकेक चूक निघत होती, एकेक रेघ जात होती. दुपारपर्यंत हा ग्राफ कोरा होईल आणि सर गोधडी गुंडाळतील, असं मी धरून चाललो होतो.

पण उजवीकडं, लांब, चार हजाराच्या जवळ एक उंचवटा होता. एकटा नव्हता. त्याच्या दोन्ही अंगाला बारीक रेघा, सारख्या अंतरानं, कंगव्याच्या दातांसारख्या. सरांनी तो भाग मोठा करून बघितला.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, बेरिंगमधून अगदी बारीक, टोकदार आवाज येतो का? टिक टिक असा, काचेवर खिळा आपटल्यासारखा?"

मी सळई घेतली. मूठ कानाला लावली, डोळे मिटले. लई वेळ ऐकलं. एकसारखी घरघर होती.

"न्हाई. रेघ खोटी हाय."

"तशी नसावी," सर म्हणाले.

"सकाळपासनं किती खोट्या निघाल्या ते मोजा."

ते खरं होतं. मी ठोकळ्याभोवती फिरलो. माझी नजर नालेवर गेली. तार जुनी झालेली, नाल एका बाजूनं सैल.

"ही वाजत असंल," मी म्हणालो आणि पक्कड घेतली.

फायरमन पुढं आला. "तात्या, ती नगा काढू."

"परत बांधीन की."

"पंखा चालू असताना नगा काढू म्हनतोय मी."

मी ऐकलं नाही. तार तोडली आणि नाल त्याच्या हातात दिली. तो ती छातीशी धरून उभा राहिला. सरांनी परत मोजलं. उंचवटा होता तिथंच, होता तेवढाच.

मला दुसरी गोष्ट सुचली. लोहचुंबक बसला होता रंगावर. दर खंडेनवमीला एक हात, जुना रंग कुणी कधी खरवडलेला नाही. बोटाच्या पेराएवढा थर झालेला. मी म्हणालो, "यंत्र लोखंडावर कुठं हाय, रंगावर हाय. रंगाची थरथर दावतंय ते." सर म्हणाले, असू शकेल. मी छिन्नी घेतली आणि खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत रंग उडवला. इतक्या वर्षांचे दसरे पापुद्रे होऊन माझ्या पायाशी पडले. लोहचुंबक ह्या खेपेला खटकन बसला.

ग्राफ आला. उंचवटा दुप्पट झाला होता.

सर हळू आवाजात म्हणाले, "रंगामुळं दबलं होतं, काका."

चीफ साहेब पडद्याकडं बघत होते. मला वाटलं आता ते बोलणार, पण सरच बोलले. "अजून एक शक्यता आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. कंप्युटर सावकाश मोजत असला आणि हेलकावा त्याच्याहून फार जलद असला, तर रेघ भलत्याच जागी दिसते. चालत्या गाडीचं चाक कधी कधी उलटं फिरतंय असं वाटतं ना, तसं. मी मोजायचा वेग बदलतो. खोटी रेघ जागा सोडेल. खरी सोडणार नाही."

हे मला पटलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सरकली तर तुमी जीप भरा. न्हाई सरकली तर मी गप बसनार."

सरांनी वेग बदलला. आम्ही चौघंही पडद्यावर वाकलो. सोळाची रेघ सोळावर आणि उंचवटा चार हजारावर. त्यांनी परत बदलला. सगळा ग्राफ लांबला, आकडे लांबले, पण उंचवटा त्याच्या आकड्यापासून हलला नाही.

मी बोललेलं पाळलं. गप बसलो. पण गप बसल्यावर एक प्रश्न उरला आणि तो मलाच विचारावा लागला.

"मंग मला का येत न्हाई ऐकू?"

सर म्हणाले, "काका, शांत जागा आहे का कुठं?"

स्विचरूममध्ये गेलो. कंप्युटर तिथं उचलून नेला. सरांनी माझ्या कानांवर हेडफोन घातले, कंप्युटरातून एकेक सूर सोडतो म्हणाले, ऐकू आला की हात वर करा. पहिला आला, जाड, कारखान्याच्या भोंग्यासारखा. हात वर. दुसरा आला. तिसरा जरा बारीक, तोही आला. मग शांतता झाली. मी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलो. बराच वेळ काही येईना.

"बंद केलं का?" मी विचारलं.

फायरमन दारात उभा होता, हातात ती नाल.

"चालू हाय, तात्या," तो म्हणाला. "मला हितं दारात ऐकू येतंय."

मी हेडफोन काढून हातात घेतले. काही नाही. कानाशी दाबले. काही नाही. सरांच्या तोंडाकडं बघितलं, तर आवाज त्यांच्या कानाला टोचत होता हे दिसत होतं. त्यांनी किल्ली दाबली आणि त्यांचं तोंड सैल झालं. तेव्हा मला समजलं की आत्ता बंद केलं.

ते म्हणाले, "कारखान्याच्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की बारीक आवाज आधी जातात. जाड राहतात. माणसांचं बोलणं समजतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही." कीव करून म्हणाले नाहीत. शून्य जास्त पडलं होतं हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात हे सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो.

फायरमन मात्र माझ्याकडं बघेना. नालेकडं बघत म्हणाला, "मंग इतकी वर्सं मी कुनाच्या भरवशावर दारात उभा हुतो?"

मी हेडफोन टेबलावर ठेवले.

दुपारी पंखा बंद करून ठोकळा उघडला. ग्रीस पुसलं. बेरिंगच्या बाहेरच्या लोखंडी कड्यावर, बरोबर जिथं भार येतो तिथं, तुरीच्या डाळीएवढा टवका उडालेला होता. मी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. सरांनी सांगितलं, प्रत्येक रोलर त्या खड्ड्यावरून जाताना ठोका देतो आणि सगळा ठोकळा बारीक आवाजात झंकारतो, ते कंगव्याचे दात त्याचेच. हंगामाच्या मध्यात, भट्टी भरलेली असताना हे गेलं असतं.

चीफ साहेब म्हणाले, "मिस्त्री, आज घरी जा. बेरिंग रात्रपाळीचे लोक बदलतील." गेटचं काय ते मला समजलं होतं.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी ओट्यावर बसलो, सळई शेजारी. बायको तांदूळ निवडत होती. नात अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती. मी तिच्या पायांकडं बघत राहिलो. पाऊल आपटलं की घुंगरं हलत होती. सगळी हलत होती.

"हिच्या तोरड्या वाजतात का?" मी विचारलं.

बायकोचा हात सुपात थांबला. "वाजतात."

"कवापासनं?"

"आनल्या तवापासनं. दुकानात बी वाजत हुत्या."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी सोनाराला चोर म्हनून मोकळे झाल्ता. त्याच्यावर मी काय बोलू?" तिनं सूप खाली ठेवलं. "आनि बोलून काय झालं असतं? चार जनात गेली असती गोष्ट. कान गेल्यावर तुमाला पंख्यापाशी कुनी ठिवलं असतं का? तुमचं सगळं त्या सळईत हुतं. मी आपली गप बसले."

"कधीपासनं ठाऊक हाय तुला?"

"लई दिवस झाले," ती म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली.

मी नातीला हाक मारली. तिला मांडीवर घेतलं, पाय धरला आणि सळईचं टोक अलगद तोरडीला लावलं. मूठ कानावर दाबली, डोळे मिटले. तिनं पाय झाडला असेल, कारण सळई हातात हलली. कानात काही आलं नाही. डोळे उघडले तर पोरगी हसत होती. ते हसणंही मला निम्मंच आलं असावं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. तो जाड असतो, मला आला. मी नेहमीच्या वेळेला बॉयलरकडं गेलो. नवं बेरिंग बसलं होतं. नाल खांबाच्या खिळ्याला अडकवलेली होती. मी नवी तार घेऊन ती ठोकळ्यावर बांधली, तीन पिळे दिले, हलवून बघितली. पंखा सुरू झाला. फायरमन दारापासून लांब उभा होता, आणि सवयीनं त्याची मान माझ्याकडं वळली. मग त्यानं ती सरांच्या टेबलाकडं वळवली. सर मुक्कामाला राहिले होते, कंप्युटर परत शेडखाली मांडून पडद्यावर वाकलेले होते. ते म्हणाले, "स्वच्छ आहे." फायरमननं फावडं उचललं.

चीफ साहेब मला बोलवायच्या आत मी केनयार्डकडं निघालो. मैदान मोकळं होतं, गाड्या यायला अवकाश होता. गेटचा आडवा बांबू होता, पण तो ज्या खिट्टीवर अडकतो ती खिट्टी कुणी तरी काढून नेली होती. बांबू वाऱ्यानं वर खाली होत होता. मी तो खाली ओढून धरला आणि खिट्टीच्या भोकात हातातली सळई खोचली.